आईचा जड हात

आमच्या घरात सगळेच जरा मोठ्याने बोलायचे. कुणी रागावलेलं नसे. पुढच्या खोलीत सहा टाइपरायटर चालू असत, एवढंच कारण. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीतलं ते घर म्हणजे रस्त्याकडची एक मोठी खोली, तिच्यामागे एक लहान आणि त्यामागे पत्र्याचं स्वयंपाकघर. मोठी खोली आईच्या टाइपिंगच्या क्लासला दिलेली होती आणि उरलेल्या जागेत आई, बाबा आणि मी असे तिघं मजेत मावत होतो. पहिली बॅच सकाळी सातला बसायची, म्हणून सकाळच्या भाकरी बाबांकडे. बाबा लाइनमन होते. खांबांवर चढून घट्टे पडलेल्या त्यांच्या तळव्याखाली ज्वारीची भाकरी अशी गोल फिरायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. पुढे टकटक, मागे थपथप आणि मधल्या खोलीत मी पुस्तक घेऊन बसलेली. माझा बारावीपर्यंतचा अभ्यास त्या आवाजातच झाला. आजही खोली फार शांत असली की मला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. मग मी उठून पंखा तरी लावते.

आईला सगळं गाव ‘टाइपिंगवाल्या बाई’ म्हणायचं. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, असे तिचे वर्ग. पोरापोरींसाठी तिचे नियम दोनच होते. बोटांकडे बघायचं नाही, आणि खाडाखोड करायची नाही. दुसरा नियम फार कडक. एक अक्षर चुकलं तरी त्याच्यावर दुसरं मारायचं नाही, खोडरबर लावायचं नाही; कागद काढायचा, नवा घालायचा, पहिल्या ओळीपासून सुरुवात. शेवटच्या ओळीला चुकलेल्या मुली रडकुंडीला यायच्या. आई म्हणायची, “चूक लपवली की हाताला कळतच न्हाई की त्यानं चूक केली. मंग तो पुन्हा तीच करतो.” कागद पाठपोट वापरले जायचे आणि रद्दी झाली की बाबांच्या चुलीत.

आईचा स्वतःचा हात जड होता. मारायला नव्हे, तो प्रसाद मला आयुष्यात दोनदाच मिळाला. टाइपिंगला जड. तिच्या कागदावरचा पूर्णविराम आरपार जायचा. काम झालं की ती कागद दाराच्या उजेडात धरायची आणि भोकं बराबर दिसली की खाली ठेवायची. हे काही नुसतं हौसेचं नव्हतं. तेव्हा कचेरीत अर्ज द्यायचा तर एकाला तीन-चार प्रती लागायच्या, मध्ये कार्बन घालून एकदमच मारलेल्या. इतरांची तिसरी प्रत म्हणजे कागदावर नुसता धुरळा. आईची चौथी प्रतही लख्ख वाचता यायची. त्या चौथ्या प्रतीसाठी लोक हसनाबादहून यायचे, जाफराबादला टाइप करणारे असताना इकडे वाकडी वाट करून यायचे. आईला कशाचा गर्व असेल तर तो ह्या एकाच गोष्टीचा.

मग स्टँडजवळ कंप्युटर क्लास निघाला. काचेचं दार, आत गार हवा, बाहेर चपला काढायच्या. आमच्या सहा मशिनींपैकी चारच चालायला लागल्या, मग दोनच. आवाज कमी झाला तसं आमचं बोलणंही हळू झालं, हे मला आता जाणवतं. त्या दिवसांत गावातल्या शाळेचे हेडसर एकदा अर्ज करून घ्यायला आले आणि जाताना आईला म्हणाले, “बाई, आमच्या मोठ्या पोरींना कंप्युटरवर मराठी टाइपिंग शिकवायचंय. तुमच्या हाताखाली दिल्या तर बरं. पण आधी तुम्हाला त्याच्यावर करता आलं पायजे. येत्या महिन्यात बघायला येतो एकदा.” आई हो म्हणाली. ते गेल्यावर मला म्हणाली, “मी आजवर त्याला हातसुद्धा लावला न्हाई.”

जालन्याला राहणारा माझा प्रकाशमामा कंप्युटर घेऊन आला. त्याच्या ओळखीच्या एका दुकानदाराने धंदा बंद केला होता, तिथला जुना डबा, जाड पडद्याचा मॉनिटर आणि पिनांनी ठोकत छापणारा एक प्रिंटर, असं सगळं गोधडीत गुंडाळून एसटीने आणलं होतं. सोबत लिनक्सची सीडी आणि शंभरेक पानांची झेरॉक्स. “ताई, हे फुकट हाय,” मामा म्हणाला, “पण डोकं लावावं लागतं.” आई म्हणाली, “मित्रे, ते तूच लाव.” माझं नाव संघमित्रा, पण एवढं लांब हाक मारायला त्या घरात कुणाला सवड नव्हती.

ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी आहेत. सुरुवातीला पडद्यावर सगळंच फुगलेलं, जाड दिसायचं. झेरॉक्समधल्या एका पानावरून ओळी उतरवून घेतल्या, एका फाइलीत आकडे बदलले, दोनदा पडदा पूर्ण काळा करून टाकला आणि तिसऱ्यांदा अक्षरं एकदम बारीक, सरळ झाली. मी हातातला चहा तसाच टाकून बाबांना बोलवायला गेले. ते म्हणाले, “बारीक झालं तर त्यात काय आनंद?” मग आईला वाचता यावं म्हणून मी तीच अक्षरं पुन्हा मोठी केली. माऊसचा बाण आईला सापडत नसे, तोही मोठा केला. टाइपरायटरखाली घालायच्या जाड लोकरी नमद्याचा एक तुकडा माऊसखाली घातला. मागचं चित्र बाबांनी निवडलं, हिरव्यागार कुरणाचं. “आपल्याकडं एवढं हिरवं कधी दिसतं का? असू दे,” म्हणाले. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत शोधता शोधता जुन्या टाइपरायटरसारखी मांडणी सापडली. एकदोन अक्षरं इकडची तिकडे होती, पण बाकी सगळी आईच्या बोटांना ठाऊक असलेल्या जागी. प्रिंटरने तीन दिवस घेतले. तो आधी अर्धंच पान छापायचा आणि उरलेलं कोरं बाहेर फेकायचा. कागदाचा आकार त्याला चुकीचा सांगितला गेला होता. तेवढ्यात वीज जायची आणि कंप्युटर मधूनच विझायचा. लाइनमनच्या घरी अशी गंमत होती की वीज जाणार हे आम्हाला आधी कळायचं, पण थांबवता मात्र यायची नाही. बाबा भाकरी थापता थापता सांगायचे, “आज अकराला जानार हाय. त्याच्या आत तुझं ते झोपव.”

आणि ह्याच दिवसांत मी एक उद्योग करून ठेवला. लिनक्ससोबत एक खेळ आला होता, वरून विटा पडायच्या त्या सरकवून ओळी लावायचा. बटण दाबून धरलं की वीट सरकत जायची, पण आधी क्षणभर अडून बसायची, आणि तेवढ्यात खेळ हातचा जायचा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये हिंडताना मला दिसलं की बटण दाबून धरल्यावर किती वेळाने अक्षर पुन्हा उमटावं, ते ठरवणारी एक पट्टी आहे. मी ती पार टोकाला, सगळ्यात कमी वेळावर नेऊन ठेवली. विटा सुसाट सरकू लागल्या. पट्टी तिथेच राहिली, आणि मी ते विसरूनही गेले. माझं टाइपिंग एका बोटाचं, टिचक्या मारल्यासारखं. मला कधी फरक जाणवला नाही.

हेडसर रविवारी येणार होते. गुरुवारी दुपारी आईने हातपाय धुतले, पदर खोचला आणि कंप्युटरपुढे जाऊन बसली. पाठ ताठ, मनगटं उचललेली, नजर समोर. बोटं चालवायला आईला नेहमी एकच मजकूर लागायचा, तहसीलदारांना अर्ज. तिने सुरुवात केली. पडद्यावर उमटलं, ‘मा. तहहसीलदार सााहेेब’. ती थांबली. “नवा कागद दे,” म्हणाली. मी नवं पान उघडून दिलं. पुन्हा तेच, आता ‘सेवेशी’तला ‘व’ तीनदा. मी तिला बॅकस्पेस दाखवलं. म्हटलं, “हे दाब, चुकलेलं निघून जातं.”

“निघून जातं म्हंजे? मंग मला कसं कळावं मी कुठं चुकले ते? नवा कागद दे.”

मी अकरा नवे कागद दिले. अकराही वेळा आईने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि अकराही वेळा तिची अक्षरं दुणावली. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले आणि बोटांकडे पाहिलं. आईला स्वतःच्या बोटांकडे बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. “माझा हात जड हाय, मित्रे,” ती म्हणाली. “ह्याला हलका हात लागतो. स्टँडवरल्या पोरांचा.” तिने मशिनींसाठी शिवलेल्या खाकी खोळींतली एक काढून मॉनिटरवर घातली. हेडसरांना नको म्हणून कळवते म्हणाली, आणि मशिनींचं तेलपाणी करायला दर महिन्याला येणारे सलीमचाचा आले की सहाही मशिनींना गिऱ्हाईक बघायला सांगते म्हणाली. संध्याकाळी बाबांनी पिठलं केलं होतं. आई जेवली, पण पिठलं कसं झालंय हे तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी, आईच्या जड हाताला काही इलाज आहे का म्हणून, सेटिंगची एकेक खिडकी उघडून बघत होते. कीबोर्डच्या खिडकीत ती पट्टी दिसली. टोकाला, मीच नेऊन ठेवलेली. खाली, इथे टाइप करून पाहा म्हणून एक रिकामी चौकट होती. मी आईसारखं मनगट उचललं आणि बटण पार तळापर्यंत दाबलं. दोन ‘त’ आले. पट्टी मधोमध आणली, तसंच दाबलं. एकच आला. पुन्हा टोकाला, पुन्हा दोन. पट्टी मी मध्यावर आणून सोडली आणि खिडकी बंद केली. त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही लाज. मी मागे जाऊन एवढंच म्हटलं, “आई, एकदा अजून बसून बघतेस का?”

आई परातीच्या कडेवर बोटं नाचवत होती. हळू, अगदी हलकी. “सकाळधरून हेच करून राह्यले,” ती म्हणाली. “बोटं टेकवायची, दाबायची न्हाई.” ती येऊन बसली आणि तशाच टेकवलेल्या बोटांनी अख्खा अर्ज एकही चूक न करता टाइप केला. मग माझ्याकडे वळून हसली. “झाला बघ हलका. एका दिवसात झाला.” तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी मान हलवली. ती मान हलवणं मला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

रविवारी हेडसर आले. आईने त्यांच्यासमोर पानभर मजकूर टाइप केला, प्रिंटरने किंचाळत तो छापला आणि हेडसर म्हणाले की सोमवारपासून आठ पोरी पाठवतो. बाबांनी धपाटे केले, ठेचा केला, वर दही. मामाला फोन करून सांगितलं. खोलीत पुन्हा गर्दी झाली. सहा मशिनींवर आधी हात बसवायचा आणि मग पाळीपाळीने कंप्युटर, अशी आईने पद्धत लावली. आम्ही पुन्हा मोठ्याने बोलायला लागलो. सगळं छान चाललं होतं, फक्त एक गोष्ट बिघडली होती आणि ती काय हे मला आधी कळलं नाही.

ती सलीमचाचांना कळली. महिन्याच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी भिंतीवर नमुना म्हणून लावलेला आईचा कागद पाहिला, बोट फिरवून पाहिलं. “बाई, रिबन तर मागच्याच खेपेला बदल्लं ना मी? मंग अक्षर असं फीकं कायकू?”

“रिबन बराबर हाय चाचा,” आई म्हणाली. “हातच हलका केला मी. आता दोन्हीकडं दोन हात कुठून आनू? आन् वयबी झालं.”

आई तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. आज मी त्या वयाच्या आसपास आहे आणि ते वाक्य आठवलं की मला तिच्यासाठी राग येतो. त्याच आठवड्यात हसनाबादचे एक गृहस्थ अर्जाच्या प्रती परत घेऊन आले. चौथी प्रत कचेरीत कुणाला वाचता आली नव्हती. आईने त्यांना पुन्हा करून दिली, दोन-दोन प्रतींचे दोन घाणे घालून. ते गेल्यावर तिने दारावरच्या पाटीतली ‘कार्बन प्रती करून मिळतील’ ही ओळ ओल्या फडक्याने पुसली. आमच्या घरात काहीतरी पुसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग मला राहवेना. आई मागे मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. खेळ, पट्टी, अकरा कागद, दोन ‘त’. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. आई मेथीची काडी हातात धरून ऐकत राहिली. मला वाटलं आता तो तिसरा प्रसाद मिळणार.

“म्हंजे,” ती हळूच म्हणाली, “माझी बोटं बरी हुती?”

“बरीच होती, आई. पहिल्यापासून.”

“हात जड हुता, त्याचं काय न्हाई?”

“काही नाही. माझ्यामुळं झालं ते.”

ती उठली. पदराला हात पुसले, पुढच्या खोलीत गेली, एक नंबरच्या मशिनीवर बसलेल्या मुलीला उठवलं आणि मध्ये कार्बन घालून चार कागद चढवले. मग जो आवाज सुरू झाला तो मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. बाकीच्या मुलींनी हात थांबवले. बाबा पिठाच्या हातांनी मागून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “काय झालं गं?” आई थांबली नाही. ओळ संपली की दांडा खाडकन् ओढायची आणि पुढची ओळ. शेवटचा पूर्णविराम मारला, चारही कागद ओढून काढले, वरचा दाराच्या उजेडात धरला, भोकं बघितली आणि सगळ्यात खालचा माझ्या हातात दिला. “वाच. वाचता येतं का बघ.”

मी वाचलं. ‘मा. तहसीलदार साहेब यांच्या सेवेशी. विषय : मुलीने चूक कबूल केल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, अर्जदार हिची बोटे पूर्वीप्रमाणेच चांगली असल्याचे आज रोजी निदर्शनास आले आहे. सदर बाब अर्जदाराच्या मुलीने स्वतःहून सांगितली. तरी मेहेरबानांनी नोंद घ्यावी. करिता हा विनंती अर्ज.’ मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्यादेखत रडले, त्याचं मला काही वाटलं नाही.

“आन् किती झाले तुझे त्या खेळात?” आईने विचारलं. मी आकडा सांगितला.

“एवढं करून एवढेच? बस आता. हाच अर्ज, माझ्याच मशिनीवर. खाडाखोड न्हाई.”

मला सात कागद लागले. दुसऱ्या दिवशी पाटीवरची ओळ परत आली आणि आईने मला आणखी एक काम सांगितलं. झेरॉक्समध्ये बघून मी एक ओळ लिहिली आणि आमच्या क्लासातल्या कंप्युटरचं बॅकस्पेस बंद करून टाकलं. हेडसरांच्या पोरी सुरुवातीला म्हणायच्या, बाई, हे बटण बिघडलंय. आई म्हणायची, “बिलकुल बिघडलं न्हाई. ते आमच्यात वापरत न्हाईत.” कीबोर्ड मात्र तिने पुढे दर वर्षाला एक मोडला.

आता ती जालन्याला माझ्याकडे असते. बाबा अजून भाकरी करतात. गॅसवर तशी फुगत नाही म्हणून कुरकुर करतात. घरात नवा कंप्युटर आला की मी आधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पट्टी दुसऱ्या टोकाला नेते आणि मगच आईला हाक मारते. हे प्रकरण मी तिच्याच कंप्युटरवर लिहिलं, बॅकस्पेस बंद केलेल्या, त्यामुळे त्याला फार दिवस लागले. समोर तो कागद लावला होता. कडेने पिवळा पडलाय, घडीवर विरलाय. पण चौथी प्रत आहे आणि अजून लख्ख वाचता येते.